मोजून अकरा करवंदं

आज सकाळी गच्चीवरच्या करवंदीनं पहिल्यांदा फळ दिलं. अकरा करवंदं! त्यासाठी हात कोपरापर्यंत ओरबाडून घेतला, आणि देठ तुटला की येणारा तो पांढरा चीक... बोटं अजून चिकट आहेत.

2021 च्या मे महिन्यात जांबोटीहून येताना द्रोणभर घेतली होती. खाऊन बिया त्याच दिवशी कुंडीत टाकल्या (वाळल्या की सहजी उगवत नाहीत). मग तिचे नको तितके लाड केले. रोज पाणी, महिन्याला शेणखत. नुसती पानं आणि काटे! गेल्या वर्षी खानापूरची मावशी आली, कुंडीत बोट खुपसून म्हणाली, "अगं, रानातली जात ही. खडकात वाढतेय. तिथं कोण घालतंय पाणी? तहान लागू दे की जरा!"

पाणी तोडलं, दाटलेल्या फांद्या छाटल्या, कुंडी भर उन्हात सरकवली. यंदा जाईसारखी पांढरी फुलं आली.

पहिलं करवंद लेकीनं दातानं अर्धं केलं. आत लालभडक. "कोंबडा!" (करवंद आतून लाल निघालं की कोंबडा, पांढरट निघालं की कोंबडी, असा हा खेळ.) उरलेल्या दहातली चार बुलबुलानं आधीच चाखलेली निघाली.