आजचा प्रयोग तेवढा निघू दे

८ ऑगस्ट २०२४, गुरुवार. रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला. डॉक्टर एरवी नऊनंतर कुणाला फोन करत नाहीत. "केशवराव पेटलंय," एवढंच बोलले आणि गप्प झाले.

आमच्या भागात कोल्हापूरच्या त्या नाट्यगृहाला कुणी पूर्ण नावानं संबोधत नाही. नुसतं 'केशवराव', घरातल्या थोरल्या माणसासारखं. शाहू महाराजांनी बांधवून घेतलेलं, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं, खासबाग मैदानाला खेटून उभं असलेलं. ज्यांचं नाव त्या नाट्यगृहाला आहे, त्या गायक-नट केशवराव भोसल्यांची दुसऱ्याच दिवशी जयंती होती. पाठोपाठ मोबाइलवर व्हिडिओ यायला लागले. छपरातून ज्वाळा, खाली रस्त्यावर उभी माणसं, त्यात रडणारे रंगकर्मी. कॉलेजात असताना मी त्या रंगमंचावर उभी राहिले आहे. रडू मलाही आवरलं नाही. पण पहाटे तीनच्या पुढे रडू थांबलं आणि डोक्यात एकच गोष्ट घोळायला लागली. आपल्याकडच्या दर्शनी पडद्यामागचा विजेचा बोर्ड शेवटचा कधी उघडला होता?

मला आठवेना.

कोल्हापूरपासून दीड तासावर, तालुक्याच्या गावी, एका सार्वजनिक न्यासाच्या नाट्यगृहाची मी व्यवस्थापक आहे. अकरा वर्षं झाली. इमारत १९६२ची, लोकवर्गणीतून उभी राहिलेली. ज्यांच्याकडे रोख पैसे नव्हते त्यांनी गुळाच्या ढेपा दिल्या, आणि त्या विकून आलेल्या रकमा जुन्या कीर्दवहीत नावानिशी लिहिलेल्या आहेत. खुर्च्या ४१२. शुक्रवार ते रविवार एरवी सिनेमा, बाकीचे दिवस नाटकं, शाळांची गॅदरिंग, व्याख्यानमाला. सिनेमा कमावतो आणि नाटक खातो, हे आमचं साधं गणित. नाटकासाठीच हे घर बांधलं असल्यामुळे त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. मालक असा कुणी नाही. सात विश्वस्त आहेत, त्यांना एक पैसाही मिळत नाही. पगारी माणसं आम्ही पाच. दरवर्षी लेखापरीक्षण, धर्मादाय कार्यालयात हिशेबपत्रकं, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज. कागद आमचे चोख असतात, आणि त्याचा मला अभिमान होता.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी कुलूप काढलं. नागपंचमी होती, त्यामुळे निम्मा स्टाफ घरी. बापू वायरमन आणि सिनेमाचे ऑपरेटर अण्णा, दोघांना मी रात्रीच निरोप धाडला होता. दुपारी तीनला नव्या सिनेमाचा पहिला खेळ होता, आणि रविवारी संध्याकाळी गावातल्या हौशी पोरांच्या नाटकाचा शुभारंभ.

आधी केबिन पाहिली. अण्णांची केबिन म्हणजे किल्ला आहे. जाड भिंती, बाहेर उघडणारं लोखंडी दार, वाळूच्या बादल्या, आणि प्रोजेक्टरच्या झरोक्यांवर लोखंडी झडपा. पूर्वी सिनेमाची फिल्म नायट्रेटची असायची. ती एकदा पेटली की पाण्यानंही विझत नसे, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. पुढे १९५०च्या आसपास सहजी न पेटणारी 'सेफ्टी' फिल्म आली, पण केबिन बांधायचे नियम त्या जुन्या भीतीतून आलेले होते. आता रिळं गेली. सिनेमा डिजिटल येतो, ठरावीक दिवस आणि तासांपुरती 'चावी' येते, ती घातली की खेळ सुरू. झडपा मात्र अजून जागच्या जागी आहेत, आणि अण्णा दर दिवाळीला त्यांना तेल घालतात.

मग रंगमंचावर आलो. कापूस, ज्यूट, प्लायवूड, जुन्या सेटच्या फळ्या, साठ वर्षांची धूळ, आणि त्याच्या डोक्यावर हजार-हजार वॅटचे चोवीस हॅलोजन. इथे ना झडप, ना वाळू. ज्यांनी हे नाट्यगृह बांधलं त्यांना भीती सिनेमाची वाटली, नाटकाची वाटली नाही. नाटक आपलं ना!

दर्शनी पडदा मखमलीचा, तीस वर्षांचा. त्याच्या खालच्या दुमडीतून मी बोटभर रुंद, हातभर लांब पट्टी कापली. मागच्या अंगणात बापूंनी ती पकडीत धरली आणि खालच्या टोकाला काडी लावली. मला वाटलं होतं, धुमसेल. ज्वाळा सरसर वर चढली. मी 'तीन' म्हणेपर्यंत बापूंनी पकड फेकून दिली होती. फरशीवर काळी रेघ उरली. असे दोन पडदे, सहा विंगा आणि चार झालरी आमच्या रंगमंचावर लटकत होत्या.

अग्निशामक सिलिंडर नऊ. सगळ्यांचे काटे हिरव्यात. बापूंनी एक उलटा करून कानाशी धरून हलवला. आत पावडर सरकायला हवी होती, तिचा दगड झाला होता. नऊपैकी चार तसेच निघाले. बाल्कनीचं डावं दार कुलूपबंद. फुकटी पोरं त्या जिन्यानं आत शिरायची म्हणून कधीतरी कुलूप घातलेलं, आणि किल्ली डोअरकीपरच्या घरी. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात १३ जून १९९७ला ५९ माणसं गेली, त्यातली कितीतरी बाहेर पडायला वाट मिळाली नाही म्हणून. ही गोष्ट मी दरवर्षी नव्या पोरांना सांगते. आणि माझ्याच दाराला कुलूप होतं. मी अण्णांकडून पहार मागवली आणि कोयंडाच उचकटून काढला.

सगळ्यात शेवटी उजव्या विंगेमागचा बोर्ड. बापूंनी मेन पाडला, टेस्टर लावून खात्री केली आणि तिसरा किटकॅट, म्हणजे चिनी मातीचा जुन्या पद्धतीचा फ्यूज, उपसून माझ्या तळहातावर ठेवला. पांढऱ्या चिनी मातीवर तपकिरी, भाजल्यासारखे डाग. दोन पितळी पात्यांमध्ये केसाएवढी बारीक तार हवी, तिथे तांब्याच्या बारा-पंधरा तारांचा जाड पिळा. फ्यूजचं काम जळायचं असतं. भार वाढला की त्यानं आधी मरायचं, म्हणजे वायर वाचते. हा फ्यूज जन्मात जळला नसता. हजार वॅटचा एक दिवा साधारण सव्वाचार अँपिअर ओढतो, आणि या एका लाइनवर आठ दिवे होते. म्हणजे पस्तीस अँपिअर, तेही वीस अँपिअरच्या वर न पेलणाऱ्या जुन्या वायरीतून. बापूंनी भिंतीवरच्या पट्टीचं झाकण काढलं. आतल्या वायरीचं आवरण हाताला लागताच भाजलेल्या हरभऱ्याच्या टरफलासारखं गळून पडलं. मागे चार बोटांवर झालरीची कड होती.

बापू बराच वेळ तो पिळा बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, ह्यो पिळा माझा हाय."

"कशावरून?"

"उलटा हाय न्हवं का. मी डावरा."

आणि मग मलाही आठवलं. २०१६चा डिसेंबर, मुंबईहून आलेलं नाटक, हाऊसफुल्ल. पहिल्या अंकात तीनदा फ्यूज गेला. लोक शिट्ट्या मारायला लागले. मध्यंतरात बापू बोर्डाशी वाकले होते आणि मोबाइलचा टॉर्च धरून मी शेजारी उभी होते. ते म्हणाले होते, "जाड तार घालाय लागंल, पर बरं न्हाई ते." आणि मी म्हणाले होते, "आजचा प्रयोग तेवढा निघू दे, बापू. उद्या बदला."

तो उद्या आठ वर्षांत उजाडला नाही. त्या रात्री दुसरा अंक अप्रतिम रंगला होता. घरी जाताना मी किती खूश होते, तेही आठवलं.

मी तिथेच एका लेव्हलवर, म्हणजे सेटच्या लाकडी चौथऱ्यावर, बसले. नाटकाच्या माणसाला लहानपणापासून शिकवतात, काही झालं तरी प्रयोग झाला पाहिजे. ताप असो, घरात मयत असो, पडदा वर जायला हवा. या शिकवणुकीवर माझं प्रेम आहे, तिच्या जोरावरच गावोगावची नाट्यगृहं तगली आहेत. पण दाराला लागलेलं कुलूप, फ्यूजमधला पिळा, न हलवलेली पावडर, यातलं प्रत्येक काम कुणी ना कुणी 'आजच्यापुरतं' म्हणून केलं किंवा सोडलं होतं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

साडेनऊला मी डॉक्टरांना फोन केला आणि सांगितलं, आजपासून बंद. सिनेमासकट.

सिनेमाची लाइन वेगळी आहे, केबिन सुरक्षित आहे, वितरकाला किमान हमीची रक्कम भरली आहे, चावी आजपासून चालू झाली आहे, हे सगळं त्यांनी विचारायच्या आधी मीच सांगून टाकलं. पण प्रेक्षक केबिनमध्ये बसत नाहीत, ते त्या मखमलीसमोर बसतात. डॉक्टर म्हणाले, "लेखी द्या, मी सही करतो. संध्याकाळी सगळ्यांना बोलावतो."

अकरा वाजता हौशी नाटकाची पोरं आली. बँकेतला एक शिपाई, दोन शिक्षिका, मोबाइल दुरुस्तीवाला, सरकारी दवाखान्यातली नर्स. तीन महिने रात्री नऊ ते बारा तालीम केलेली. दिग्दर्शक पोरगा सव्वीस वर्षांचा, डोळे लाल. केशवराव बघायला रात्री मोटारसायकलवरून कोल्हापूरला जाऊन आला होता. मला म्हणाला, "ताई, तिथं राख बघून आलोय. उलट आत्ताच नाटक व्हायला पाहिजे. फक्त रविवार. एवढा एक प्रयोग निघू द्या, सोमवारपासून बंद करा."

अगदी माझंच वाक्य. मी काही बोलले नाही. तो किटकॅट त्याच्या हातात दिला आणि बापूंना म्हटलं, याला सांगा. बापूंनी काही न लपवता सगळं सांगितलं, टॉर्च कुणी धरला होता तेही. पोरगा तो पिळा बोटानं चाचपत राहिला. मग खाली ठेवला आणि म्हणाला, "तिकिटं एकशे सत्तर गेल्यात. पैसे परत द्यायला मी बसू का खिडकीत?"

बसला. दिवसभर बसला.

संध्याकाळची सभा अडीच तास चालली. अंदाजपत्रक बापूंनी दुपारीच एका ठेकेदाराला आणून करून घेतलं होतं: नवी वायरिंग, एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारे स्विच), अग्निरोधक पडदे, सिलिंडर, सगळं मिळून सहा लाख ऐंशी हजार. चालू खात्यात दीड लाख होते. कायम निधीच्या ठेवीला हात लावता येत नाही, तिचं फक्त व्याज वापरायचं. पुढे गणपती, म्हणजे वर्षातलं सगळ्यात जास्त भाडं मिळण्याचे दिवस, तेही बुडणार. एक विश्वस्त म्हणाले, एका व्यावसायिकाची विचारणा आहे, पंधरा वर्षांच्या करारानं चालवायला देऊ, तो सगळं नवं करून देईल. त्यांना संस्थेची काळजीच होती. पण न्यासाची इमारत तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्यानं द्यायची तर सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम ३६खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि तो कायदा उगीच झालेला नाही. गुळाच्या ढेपा देणाऱ्यांनी ते घर नाटकासाठी दिलंय. पंधरा वर्षांनी तिथे काय चाललेलं असेल, हे आमच्या हातात राहिलं नसतं. पाच विरुद्ध दोन असा ठराव झाला: बंद ठेवायचं, वर्गणी मागायची.

वर्गणी मागताना एक गोष्ट कळली. खुर्चीसाठी माणूस पटकन देतो, पाठीवर आईवडिलांचं नाव येतं. वायरीवर कुणाचं नाव घालणार? भिंतीच्या आत जाणाऱ्या वस्तूला दाता मिळणं कठीण. तेव्हा मी तो किटकॅट आणि जळलेल्या वायरीचा तुकडा पिशवीत घालून दारोदार गेले. केशवराव भोसल्यांनी १९२१ साली बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' केलं ते टिळक स्वराज्य फंडासाठी. रंगभूमीनं देशासाठी पैसा उभा केला होता, आता गावानं रंगभूमीसाठी करावा, असं मी प्रत्येक दारात म्हणाले आणि मनापासून म्हणाले. पाचशे, हजार, काही ठिकाणी पन्नाससुद्धा. ८०जीच्या, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणाऱ्या, पावत्या फाडल्या, दोन हजारांवरची देणगी रोखीनं दिली तर करात सवलत मिळत नाही हे समजावून चेक घेतले. हौशी पोरांनी रविवारचं नाटक शाळेच्या हॉलमध्ये दुपारी तीनला, खिडक्या उघड्या टाकून, एकही दिवा न लावता केलं. फेरी काढून जमलेले अकरा हजार चारशे वीस रुपये त्याच रात्री माझ्या टेबलावर आणून ठेवले. मी ते नाटक पाहू शकले नाही. त्या वेळी मी आणि बापू माळ्यावर जुन्या वायरी ओढत होतो.

काम नऊ आठवडे चाललं. बापूंनी ठेकेदाराच्या माणसांना एकही जोड स्वतः बघितल्याशिवाय झाकू दिला नाही. ऑक्टोबरात एका दुपारी चाचणी झाली. नवीन पडदे अजून बांधायचे होते, रंगमंच उघडाच होता. आता एका लाइनवर दोनच दिवे, प्रत्येक लाइनला वेगळा एमसीबी. बापू बोर्डाशी अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर धरून उभे, मी पहिल्या रांगेत नवी कोरी वही घेऊन बसलेले, अण्णा बाल्कनीच्या उघड्या दारात.

"एक नंबर लाइन, पहिला दिवा," बापू ओरडले. वरून पिवळा उजेड पडला. "चार पॉइंट तीन. लिव्हा."

मी लिहिलं.

"दुसरा. आठ पॉइंट सहा. लिव्हलं का?"

"लिहिलं."

"आता दोन नंबर."