काकांनी अँपची अर्थ वायर तोडली होती, मी ती जोडून दिली

पंधरा दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकतो.

सदाशिव पेठेतले एक काका, बँकेतून रिटायर्ड, त्यांनी पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून एकेक पार्ट आणून घरीच टीडीए ७२९४ या चिपचा स्टिरिओ अँप (अँप्लिफायर) बनवलेला. पत्र्याची बॉडी, २४-०-२४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, सोल्डरिंग तर आमच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या पोरांपेक्षा चकचकीत. पण घरघर.

इनपुट शॉर्ट केलं तरी तशीच, म्हणजे दोष पेटीतच. आणि ५० सायकलचा, म्हणजे थेट मेन्सचा, जाड हम नाही तर १०० चा खरखरीत, म्हणजे रेक्टिफायरच्या (एसीचा डीसी करणारा भाग) पुढचा. उघडून बघतो तर वीज साठवून डीसी सपाट करणारे १०,००० एमएफडीचे (मायक्रोफॅरडचे) दोन कंडेन्सर दोन कोपऱ्यांत आणि मधे वीतभर बारीक वायर. या वायरला सगळे ग्राउंड म्हणतात, शून्य व्होल्ट म्हणतात, कसलं शून्य! कंडेन्सर भरायचा करंट सेकंदाला शंभर वेळा झटके देत तिच्यातूनच जातो. काकांनी इनपुटचं ग्राउंड तिच्या एका टोकाला दिलेलं आणि अँपच्या बोर्डाचं दुसऱ्या. मधे दोन मिलिव्होल्ट जरी पडले तरी अँप ते तीसपट करून स्पीकरला देणारच, त्याला काय माहीत नाट्यगीत कुठलं आणि घरघर कुठली.

कंडेन्सर शेजारी आणले, मधे तांब्याची जाड पट्टी, पट्टीच्या मध्यावर ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप (मधली वायर), आणि तिथून एक वेगळी वायर पुढे काढून तिच्या टोकाला स्टार, म्हणजे सगळ्या ग्राउंडचा एकच बिंदू, बोर्डांची ग्राउंड आणि स्पीकरच्या रिटर्न सगळ्या तिथे. भरायचे झटके पट्टीतूनच जातात, म्हणून स्टार पट्टीवरच मारायचा नसतो, हे मला कळायला सात-आठ वर्षं लागली, यूट्यूबवाले अजून मारतात. मग स्पीकरला कान लावला तरी नुसती बारीक सुस्स.

तेवढ्यात दिसलं, कॉर्डची हिरवी, म्हणजे अर्थची, वायर आत कापून टेप गुंडाळलेली.

"काका, पत्र्याचा डबा आहे हा, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर २३० व्होल्ट हातात येतील."

"अरे, पण ती जोडली की हम येतो."

"आता नाही येणार," असं म्हणून मी ती ऐटीत बोल्टने बॉडीला आवळली, वर दहा मिनिटं लेक्चर पण दिलं.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन, फ्रीज सुरू झाला की घुम्म होतंय. मला वाटलं काकांचे कान वाजतायत. कामाच्या गडबडीत जायला आठ दिवस लावले.

गाणी आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून, दहा मीटर शील्ड वायर, अँप बाहेर. म्हणजे दोन खोल्यांतले अर्थ त्या शील्डनेच एकमेकांना जोडलेले, त्यांच्यात फरक पडला की तो गाण्यात घुसणार. दोन खोल्यांतल्या अर्थ पिनांमधे मीटर लावला, फ्रीज चालू असताना ०.८ व्होल्ट, बंद झाला की जवळपास शून्य. मग भिंतीवरच्या एकाच बोर्डात न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) ते अर्थ मोजलं, तर फ्रीज चालू असतानाही साफ ०.०. इथे चरकलो. खरं अर्थिंग असेल तर लोड चालू असताना थोडंतरी व्होल्टेज दिसतं, इतकं स्वच्छ शून्य म्हणजे दोन्ही एकच. प्लेट काढली, न्यूट्रलवरून अर्थ पिनला इंचभर वायरचा जंपर. आतल्या खोलीत तेच, फ्रीजच्या बोर्डात तेच. जुना वाडा, अर्थिंग कधी आलंच नव्हतं, टू पिनचे थ्री पिन करताना कुठल्या तरी वायरमनने उरकून टाकलेलं.

म्हणजे मी अँपची बॉडी न्यूट्रलला जोडून दिली होती. विजेच्या मीटरपाशी न्यूट्रल सुटला असता तर घरातला चालू असलेला एखादा पंखा किंवा बल्बमधून फेज सरळ त्या पत्र्यावर आला असता. आठ दिवस काका व्हॉल्यूम फिरवत होते.

"म्हणजे मी तोडली होती तेच बरोबर ना?" काकांनी विचारलं. बरोबर नव्हतंच. पण माझ्यापेक्षा बरं होतं, आणि तेवढं तोंडातून निघेना. दुकानात अँपचा मिलिव्होल्ट मिलिव्होल्ट शोधला, आणि तो जिथे लागणार त्या सॉकेटबद्दल एक प्रश्न विचारला नाही.

तिन्ही जंपर काढले. खड्डा करून खरं अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) होईपर्यंत अँप लावू नका म्हणालो. फ्रीजचं काय सांगायचं हे मलाच कळेना. दुरुस्तीचे पैसे परत देत होतो, काकांनी घेतले नाहीत.

परवा त्यांच्या वायरमनला मीच फोन केला. म्हणाला, "साहेब, या वाड्यात सगळ्यांकडे तसंच आहे, आजवर कोणाला काही झालंय का?"