निघालंच नव्हतं ते पार्सल

शिलाई मशीनची बॉबिन केस मागवून सहा दिवस झाले होते. त्यामुळे ‘पत्ता अपुरा असल्याने तुमचं पार्सल परत गेलं आहे’ असा मेल आला, तेव्हा संशय यायच्या आधी रागच आला. माझा पत्ता अपुरा? तावातावाने ‘पुन्हा डिलिव्हरी ठरवा’ हे बटण दाबलंसुद्धा.

नाव, पत्ता, फोन भरून झाला. मग अगदी किरकोळ शुल्क, आणि त्यासाठी कार्डाचा नंबर. कार्ड आतल्या खोलीत होतं. ते आणायला उठले, हेच नशीब. परत येऊन बसले तेव्हा वरची वेबपत्त्याची ओळ नीट वाचली.

सुरुवातीला कुरिअर कंपनीचं नाव, मग टिंब, मग ‘ट्रॅक’, परत टिंब, आणि मग भलताच कुठला तरी शब्द, डॉट कॉम. आपण डावीकडून वाचतो आणि ओळखीचं नाव दिसलं की डोळे तिथेच थांबतात. साइट खरी कुणाची, ते मात्र (सुरुवातीचं ‘https://’ सोडून) पहिल्या तिरप्या रेघेच्या अगदी अलीकडे लिहिलेलं असतं. त्याच्या आधी कुणीही काहीही चिकटवू शकतो. शेजारी कुलपाचं चित्रही होतं. मधल्या मध्ये कुणी वाचत नाहीये, एवढंच ते सांगतं; पलीकडे चोर बसलाय की साव, हे त्याला कुठून कळणार?

पाठवणाऱ्याचं नाव तेवढं बरोबर होतं. पण मेलची जी पद्धत १९८२ साली ठरली, तिच्यात पाठवणारा खरा की तोतया हे तपासायची सोयच नव्हती. तपासण्या नंतर वरून चढवल्या. त्यातून नाव म्हणून तर काहीही टाइप करता येतं. त्यावर बोट टेकवलं तर खाली अक्षरं आणि आकड्यांची नुसती माळ निघाली.

यांना माझ्या बॉबिन केसचं कळलं कसं, यावर बराच वेळ डोकं खाजवलं. कळलं नव्हतंच. तोच मेल ढिगाने लोकांना जातो, आणि त्यातलं कुणी ना कुणी कशाची तरी वाट बघतच असतं. मेलमध्ये वस्तूचं नाव नव्हतं, दुकानदाराचं नव्हतं, माझंही नव्हतं. नुसतं ‘प्रिय ग्राहक’. कार्डाचा नंबर दिला असता तर पुढच्या पानावर ओटीपी मागितला असता, आणि तो काही त्या किरकोळ शुल्कापुरता नसता.

मग ते पान बंद केलं आणि जिथून मागवलं होतं ते ॲप स्वतः उघडून ऑर्डर बघितली. बॉबिन केस अजून दुकानदाराकडून निघालीच नव्हती.