उताराची जागा

गाडी सपाटीवर लावावी लागली, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. एरवी साताऱ्यात उताराला तोटा नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात सपाट जागा शोधावी लागते, उतार आपोआप मिळतो. परंतु त्या दुपारी माझी नेहमीची, गाडीला नाक खाली करून उभे राहता येईल अशी जागा एका टेम्पोने अडवली होती. नाइलाजाने पुढच्या सरळ पट्ट्यावर गाडी उभी करून मी सांडगी मिरच्या आणायला गेले, दहा मिनिटांत परतले, किल्ली फिरवली आणि बोनेटखालून उत्तर आले : टक्. एकच.

सुरू न होणाऱ्या जुन्या गाडीचे आवाज निरनिराळे असतात, हे नवी गाडी बाळगणाऱ्यांना सांगून पटत नाही. सुतारपक्ष्यासारखी घाईची टकटक झाली, तर बहुधा बॅटरीत जीव नसतो. जांभया देत, एकेक फेरा मोजून टाकावा तसे इंजिन फिरले, तरी पहिला संशय बॅटरीवरच घ्यावा. इंजिन खणखणीत फिरते आणि तरीही गाडी ‘घेत’ नाही, तेव्हा मात्र बॅटरीला बोल लावू नये. मग पेट्रोल पोहोचते का आणि प्लगला ठिणगी येते का, एवढेच विचारायचे. आणि नुसता एकच टक् आला, तर सोलेनॉइडने, म्हणजे स्टार्टरच्या मोटारीला वीज जोडणाऱ्या खटक्याने, आपले काम केले आहे, पण त्या मोटारीला पुरेसा करंट मिळालेला नाही, किंवा ती मोटारच कुठेतरी अडकून बसली आहे. याला गॅरेजच्या भाषेत ‘सेल्फ उचलत नाही’ म्हणतात. मूळ ‘सेल्फ स्टार्टर’मधला स्टार्टर आपण केव्हाच गाळून टाकला आणि सेल्फ तेवढा ठेवला. ‘माझा सेल्फ उचलत नाही’ हे वाक्य परक्या माणसासमोर उच्चारताना मला अजूनही थोडा संकोच वाटतो.

त्या दिवशी ते उच्चारावे लागले नाही, कारण बंद पडलेल्या गाडीभोवती माणसे जमायला दोन मिनिटेही लागत नाहीत. पहिल्याने “बॅटरी गेली, काकू” असे निदान केले. बॅटरी चार महिन्यांपूर्वीच बदलली होती. दुसऱ्याच्या मते पेट्रोल ओव्हर झाले होते, म्हणजे इंजिनात जास्तीचे साचले होते, जे सेल्फ फिरलाच नसताना होणे अवघड. तिसरा पेट्रोलमधल्या कचऱ्याविषयी बोलू लागला. चौथ्याने गाडीकडे न पाहता माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “घरी कोणी जेन्ट्स नाहीत का?” मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, क्लच दाबून धरला आणि चौघांनाही ढकलायला लावले. भाजीवाल्याच्या हातगाडीपाशी पोहोचता पोहोचता क्लच सोडला, एक हिसका बसला आणि गाडी सुरू झाली. धक्का देणाऱ्या माणसांना थांबून आभार मानता येत नाहीत, ही या प्रकारातली मोठी गैरसोय आहे. थांबावे तर इंजिन पुन्हा बंद पडण्याची भीती, म्हणून खिडकीतून नुसता हात हलवून पळ काढावा लागतो.

उताराची ही खोड अण्णांची. आम्ही लहान असताना त्यांनी एका डॉक्टरांकडून जुनी गाडी घेतली होती. तिला सेल्फ होता, परंतु अण्णांचा त्यावर विश्वास नव्हता. रात्री गाडी वाड्यासमोरच्या उतारावर लावायची, पुढच्या चाकाखाली काळा दगड सारायचा आणि सकाळी त्याच उतारावरून ती सुरू करायची, असा नेम होता. दगड काढण्याचे काम माझे. अण्णा आत बसत, काचेतून मान बाहेर काढत आणि “काढ!” म्हणून ओरडत, मी दोन्ही हातांनी दगड ओढून बाजूला उडी मारी, गाडी निःशब्द घरंगळू लागे आणि कोपऱ्यावरच्या पिंपळापाशी एकदम खोकून जागी होई. मग मी दगड पोटाशी धरून गाडीमागे धावत सुटे. शाळेला उशीर झाला तरी तो दगड मागे ठेवायची परवानगी नव्हती.

उतार नसेल तिथे हँडल. बंपरमधल्या भोकातून ते आत सारायचे आणि फिरवायचे. पण फिरवताना अंगठा मुठीभोवती गुंडाळायचा नाही, चारही बोटांच्याच बाजूला ठेवायचा, आणि जोर खाली दाबताना नव्हे, तर वर ओढताना लावायचा. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटे फिरते आणि आडवा आलेला अंगठा किंवा मनगट मोडते. अण्णांनी हे मला नववीत असताना शिकवले, धाकट्या भावाच्या आधी, आणि आईने त्यावरून दोन दिवस अबोला धरला. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याचा विजेवर चालणारा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत बसला, तेव्हा बायकांना आता गाडी एकटीने सुरू करता येईल, असे मोठ्या कौतुकाने म्हटले गेले. शंभरावर वर्षे लोटल्यावर भर बाजारात चौथ्या गृहस्थांचा प्रश्न ऐकताना मला केटरिंगची आठवण झाली, हे कबूल करते.

मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना मात्र उतारही कामाचा नसे आणि हँडलही. इंजिनच्या उष्णतेने नळीतल्याच पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप ती वाफच ढकलत बसायचा. अण्णा शांतपणे उतरून आपला पंचा भिजवून पेट्रोलपंपावर गुंडाळत आणि दगडाला टेकून बसत. आम्हांला पोळी-लसणाची चटणी मिळे. घाटात गाडी बंद पडणे हा आमच्या लेखी प्रवासातला ठरलेला भाग होता. एकदा ती न थांबता वर चढली, तेव्हा भाऊ चक्क रडला होता.

घरी परतल्यावर संध्याकाळी मी गाडी भिंतीकडे तोंड करून लावली, दिवे पेटवले आणि किल्ली फिरवली. पुन्हा टक्; परंतु भिंतीवरचा उजेड जराही मंदावला नाही. बॅटरी दमलेली असती, तर दिवे विझू विझू झाले असते. मीटरनेही 12.5 व्होल्ट दाखवले. गॅरेजवाल्याने फोनवरच अख्खा सेल्फ बदलण्याचा सल्ला दिला होता, पण तीस वर्षे ओहमचा नियम शिकवलेली बाई अशी अंदाजाने सुटे भाग बदलत नाही. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर धरली आणि घरच्या जेन्ट्सना किल्ली फिरवायला बसवले. यांना गाडीतले काही कळत नाही, परंतु किल्ली फिरवता येते. काटा दोन दशांश व्होल्टच्या आसपास राहायला हवा होता. तो तीनच्या पुढे गेला.

दोष अर्थिंगचा होता. बॅटरीखालून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या, कोणी कधी वाकून न पाहिलेल्या अर्थिंगच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत आणणाऱ्या, केबलच्या टोकाचे थिंबल हिरवट पडले होते आणि त्याखालचा बोल्ट गंजला होता. दिव्यांना लागतो तेवढा थोडका करंट बॉडीमार्गे सुखाने परत येत होता. सेल्फला मात्र शंभराहून अधिक अँपिअर लागतात आणि तेवढ्या करंटाच्या वाटेत तीन शतांश ओहमचा गंज आला, तरी तीन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलेला गुणाकार माझ्याच गाडीखाली चार महिने चालू होता. मधल्या काळात बॅटरी बदलण्याचा खर्च कोणी केला, हा विषय आम्ही घरात टाळतो. बॅटरीची केबल सोडून पॉलिश पेपरने थिंबल घासले, बोल्ट नवा घातला, वर ग्रीस लावले. किल्ली फिरवली आणि गाडी इतकी चटकन सुरू झाली की हे दचकले.

परवा पुण्याला मुलीकडे गेले होते. तिची गाडी नवी, ऑटोमॅटिक, बटणावर सुरू होणारी. तिला चौघांनी सोडा, चाळीस जणांनी ढकलले तरी ती धक्क्याने सुरू व्हायची नाही. ती घेऊन मी मंडईला गेले आणि समोर सावलीतली रिकामी जागा सोडून, दोन गल्ल्या लांब, उतारावर लावून आले. रात्री मुलगी खालून वर आली, ती कपाळाला आठ्या घालून.

“आई, माझ्या डिकीत दगड कोणी ठेवला?”

म्हटले, माहुलीच्या घाटावरचा आहे. राहू दे.