‘नदी’ म्हणजे कुठली नदी?

आमचा पुण्यातला छोटा गट नद्या, तलाव आणि टेकड्यांवर काम करतो. उपग्रहचित्रांची हार्डडिस्क नीट लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रं, अमेरिकेच्या लँडसॅटची जुनी चित्रं, आपल्या रिसोर्ससॅटच्या लिस-४ कॅमेऱ्याची चित्रं आणि टोपोशीटचे, म्हणजे सर्वेक्षण नकाशांचे, स्कॅन असा सगळा खिचडा होता.

तारीख, उपग्रह आणि चित्राची हद्द पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये भरली. नकाशावर चौकोन काढा, चित्रं हजर! पण चौकोन काढतंय कोण? लोक टाइप करायचे ‘नदी, पूर’. डेक्कनवाल्याची नदी मुठा, औंधकराची मुळा, चिंचवडकराची पवना. टेकडीचंही तसंच: कोथरूडला वेताळ टेकडी, सहकारनगरला तळजाई. शेवटी प्रत्येकाकडून कामाचा परिसर आणि चित्र कशासाठी हवं, एवढंच एकदा भरून घेतलं आणि निकालांचा क्रम त्यावर लावला. झाडोरा बघणाऱ्याला डिसेंबरचं, १० मीटरपर्यंतचा तपशील दाखवणारं चित्र आधी दिसतं. पूर बघणाऱ्याला जुलैचं साधं चित्र दाखवून उपयोग नाही, त्यात नुसते ढग. म्हणून त्याच्यापुढे ढगांतूनही जमीन टिपणारं सेंटिनेल-१ चं रडारचित्र येतं.

खरी डोकेदुखी ढगांच्या टक्केवारीची. सेंटिनेल-२ च्या प्रत्येक चित्रासोबत ढगांचा आकडा येतो, पण तो जवळपास ११० किलोमीटर लांब-रुंद अख्ख्या तुकड्याचा. घाटावर ढग दाटले की आकडा फुगतो, आणि शहरावरचं आभाळ लख्ख असलं तरी ते चित्र बाद होतं. उलटही होतं: आकडा इवलासा, आणि नेमका ढग खडकवासल्यावर बसलेला. म्हणून एकूण आकडा मी चाळणीतून काढूनच टाकला. सेंटिनेल-२ च्या लेव्हल-२ए या प्रक्रिया केलेल्या चित्रांसोबत ढग, सावली, पाणी, झाडं यांचं वर्गीकरण २० मीटरच्या चौकटींवर तयार मिळतं. ते मागणाऱ्याच्या परिसरापुरतं कापायचं आणि तेवढ्यातलेच ढग मोजायचे. ढगाची सावली वेगळी धरायची, नाहीतर ती पाणी समजून तलाव फुगलेला दिसतो. बाद ठरलेली कितीतरी चित्रं यामुळे परत कामी आली.

कोण काय शोधतंय याची नोंद ठेवली तर क्रम आणखी सुधारेल, असं गटातल्या एकाचं म्हणणं होतं. मी नाही म्हटलं. जमिनीच्या एखाद्या गटनंबरावर कुणाचा सारखा डोळा आहे, ही माहिती पुण्यात फार महागाची. परिसर आणि काम तेवढं ठेवतो, नावं नाहीत.