ऐरोलीच्या ऑफरला नकार कळवला

जर्मनीत श्टुटगार्टमध्ये बसून ऐरोलीतल्या नोकरीचा विचार सुरू होता, तेव्हा ठाण्याच्या घरी सगळं ठरूनही गेलं होतं. बाबांनी लोकलचा मार्ग आखला: नौपाड्यातून चालत स्टेशन, तिथून ट्रान्स-हार्बर, मध्ये २०२४ पासून दिघा गाव लागतं, की पुढचं ऐरोली. "रोज घरी जेवायला येशील," हा आईचा मुद्दा. त्यावर काय बोलणार?

दादा मात्र आकड्यावर खूश. सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, तो रुपयांतून युरोत आणून बघत होता. पण सीटीसीत कंपनीने भरायचा पीएफ असतो, पाच वर्षं टिकलात तरच सहसा मिळणारी ग्रॅच्युइटी असते आणि वरिष्ठांच्या मर्जीवरचा व्हेरिएबल, म्हणजे कमीजास्त होणारा पगाराचा भागही असतो. इथे पेन्शन विम्याचे, पगाराच्या १८.६ टक्के, कंपनी आणि आपण निम्मे निम्मे भरतो, पण कंपनीचा वाटा पगार म्हणून मिरवला जात नाही. उरलेल्या पगारातून कर आणि विमे भरपूर कापतात, तेही खरंच. म्हणून दोन्हीकडचा महिन्याला हातात येणारा आकडा काढला आणि त्याशेजारी घरभाडं लिहिलं. नौपाड्यात ते शून्य, त्यामुळे ठाणं जिंकत होतं!

अडलं ते कागदांवर. माझ्यासारख्या ब्लू कार्डवाल्यांना, म्हणजे युरोपीय संघाबाहेरून आलेल्या उच्चशिक्षितांच्या नोकरी-परवान्यावर इथे राहणाऱ्यांना, २१ महिने पेन्शनचे हप्ते भरून झाले आणि बी१, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन येत असली की कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. भाषा ए१, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीपर्यंतच असेल तर २७ महिने. बी१ची परीक्षा मी पास झालेय, महिने थोडेच उरलेत. आत्ता निघाले तर पुढे परत यावंसं वाटलं की पुन्हा व्हिसापासून सुरुवात.

एचआरची बाई मात्र दर आठवड्याला विचारायची, "जॉइनिंग नक्की ना?" आधी वैताग यायचा. मग लक्षात आलं, आपल्याकडे आयटीत नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो. त्या तीन महिन्यांत लोक हातातली ऑफर दाखवून दुसरी, मोठी मिळवतात आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. तिचा संशय रास्तच होता. इथे करारावर सही झाली की कुणी विचारत नाही, आणि सही करून पाठ फिरवली तर नाव खराब होतं. हो म्हणून ठेवू, पुढचं पुढे बघू, हा मैत्रिणीचा सल्ला म्हणूनच मला पटला नाही.

मुदत संपायच्या आत दोन ओळींची मेल केली: आभार, आत्ता शक्य नाही. कारणांचा पाढा वाचला नाही, नाहीतर पगार वाढवून देतो म्हणाले असते आणि मी डगमगले असते. तासाभरात उत्तर आलं, वेळेवर कळवल्याबद्दल धन्यवाद, पुढे जागा निघाली तर संपर्क करू.

आईला सांगणं जास्त अवघड गेलं. दोनतीन दिवस ती फोनवर फक्त पावसाबद्दल बोलली. मग म्हणाली, "तो परवाना हातात आला की तरी येशील?" मी तारीख दिलेली नाही.