देवराईतल्या मुंग्या: दोरीचा चौथा महिना

दोडामार्ग तालुक्यातली ही देवराई लहानच, पण झाडं जुनी आणि सरळसोट. इथली वाळकी काटकीही कुणी उचलत नाही, म्हणून नमुने गोळा करणं मी पहिल्याच दिवशी सोडून दिलं. नोव्हेंबरात मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, त्यानंतरच पहिली दोरी फांदीवरून गेली. मुंग्या मोजायच्या, फोटो काढायचे, बाकी कशाला हात लावायचा नाही.

दोरी खोडाला टेकून राहते. दर 3 मीटरवर एक गाठ, गाठीला कापसाचे दोन बोळे: एक गुळाच्या पाण्यात भिजवलेला, दुसऱ्याला सुकटीचा कूट. वरच्या गाठी दुर्बिणीने बघतो, शेवटी दोरी हळूहळू खाली घेऊन फोटो काढतो आणि बोळ्यावरच्या मुंग्यांसकट परत वर चढवतो. ही शेवटची पायरी वेळखाऊ आहे, पण असं मोजणार असाल तर ती कृपया गाळू नका.

माझा अंदाज होता की जमिनीपासून शेंड्यापर्यंत मुंग्या पायरीपायरीने बदलत जातील. तसं दिसलं नाही. मोठा बदल पहिल्या 3 मीटरांतच होतो. लेप्टोजेनिसच्या रांगा आणि डायाकामा, या जमिनीवरच्या मुंग्या, पाचोळ्यातच राहतात. छातीच्या उंचीवर त्या मला एकदाही दिसल्या नाहीत. त्यानंतर 6 मीटर असो की 15, एका झाडावरची यादी जवळजवळ तीच. वर ऊन आणि वारा जास्त, ओल कमी. तिथे घरं पानांची, नाहीतर क्रेमॅटोगॅस्टर जातीची मुंगी बांधते तशी कागदी. एक गोष्ट मात्र उंचीप्रमाणे खरंच बदलली: खाली गुळावर गर्दी, वर सुकटीवर. शेंड्यावर खवलेकिड्यांचा गोड रस फुकट मिळतो, प्रथिनं मात्र शोधावी लागतात. पनामाच्या जंगलातही संशोधकांना हेच दिसलं होतं.

खरी गंमत आडव्या दिशेत आहे. कडेच्या जांभळावर हुमले, म्हणजे पानं जोडून घरटं करणारी आपली लाल ओंबील; शेजारच्या काजूच्या बागेतही त्यांचीच घरटी. जांभळापासून 5 मीटर अंतरावरच्या किंजळीवर एकही हुमला नाही, तिथे क्रेमॅटोगॅस्टरचं राज्य. घानाच्या कोकोच्या बागांत संशोधकांनी अशीच मुंग्यांची गोधडी मांडली होती, एकेका ठिगळावर एकेक जात. बोर्निओच्या जुन्या जंगलात मात्र ती तशी दिसली नाही. देवराईच्या आतही ती नसावी, अशी आता मला शंका आहे. आत खोलवरच्या सातविणीवर कुणीच मालक नाही. तिथे मी 9 प्रकार वेगळे ओळखले, त्यांत दोन पॉलिरॅकिस आणि एक सडपातळ टेट्रापोनेरा. मुंग्यांचे अभ्यासक एडवर्ड विल्सन यांना पेरूतल्या तांबोपाताच्या एकाच झाडावर 43 जाती सापडल्या होत्या, तेव्हा माझी 9 ही जेमतेम सुरुवात आहे.

जानेवारीत माझ्याकडून मोठी चूक झाली. जांभूळ आणि किंजळ यांच्यामध्ये ताणलेली दोरी रात्रभर तशीच राहिली. सकाळी हुमले तिच्यावरून पलीकडे पोचले होते आणि किंजळीच्या फांदीवर जुंपली होती. दोरी काढली, किंजळीची त्यानंतरची तीन आठवड्यांची मोजणी रद्द केली. झाडाला झालेला त्रास मला अजून सलतो. त्या सकाळपासून मी झाडांमधलं अंतर मीटरमध्ये लिहिणं सोडलं. मुंगीच्या दृष्टीने फांद्या एकमेकींना भिडतात की नाही, हेच अंतर.

म्हणून आता लक्ष गारंबीकडे. तिचा एक वेल कडेच्या ऐनावरून निघून मधले तीन शेंडे ओलांडत थेट सातविणीपर्यंत जातो. ऐनावर हुमले आहेत, सातविणीवर नाहीत. मधल्या तीन झाडांवर गेल्या रविवारी दोऱ्या चढवल्या, प्रत्येकीच्या खालच्या टोकाला व्हॅसलिनचा पट्टा लावून. पहिल्या दोन झाडांवर हुमले आहेत, तिसऱ्यावर नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये वेलावर एक वाळवीने पोखरलेला भाग आहे. पुढच्या खेपेला दुर्बीण तिथेच लावून बसणार.